घराबाहेरची एक खोली

वीकएण्डला पाहुणे आले की मुंबई दाखवायचा आपला रूट ठरलेला असतो. गेट वे, कुलाबा कॉजवेवर थोडी घासाघीस, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर अर्धा तास, चौपाटीवर भेळ आणि वेळ उरलाच तर वांद्र्याला शाहरुखच्या बंगल्यासमोर एक फोटो. झाली मुंबई!

आज जरा वेगळा रूट घेऊ या. याच शहरातला, याच लोकलने जाणारा. आधीच सांगतो, यातल्या बऱ्याच ठिकाणी ‘बघण्यासारखं’ फारसं काही नाही. पालिकेच्या इमारतीतली एक खोली, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधलं एक दार, पोलिस आयुक्तालयातलं एक टेबल... गाइडबुकवाले इकडे फिरकत नाहीत. पण ज्यांना या दारांची गरज पडली, त्यांच्यासाठी मुंबई म्हणजे हीच दारं.

खोलीचं एवढं काय कौतुक, असं तुम्ही विचाराल. मुंबईत राहून विचारताय? वन रूम किचनमध्ये पाच माणसं. फोनवर बोलायचं तर गॅलरीत आणि रडायचं तर बाथरूममध्ये नळ सोडून. ज्या बाईला नवरा मारतो तिला, आणि ज्या मुलाला आपल्याला मुलगाच आवडतो हे घरी सांगता येत नाही त्याला, पहिली अडचण एकच येते. बोलायचं कुठे? घरात बोलता येत नाही, कारण भीती बहुतेक वेळा घरातलीच असते. ऑफिसात बोलायचं तर लंचपर्यंत मजलाभर होतं. कॅफेत शेजारच्या टेबलाला कान असतात. म्हणूनच या शहरातल्या स्त्रियांच्या आणि समलिंगी माणसांच्या चळवळींची गोष्ट मोर्च्यांची आणि कोर्टकचेऱ्यांची जेवढी आहे, तेवढीच ती घराबाहेर एक खोली मिळवण्याचीही आहे.

तर चला, विरारच्या टोकापासून सुरुवात करू.

लेडीज स्पेशल

पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल सोडली. पुढे ती विरारपर्यंत गेली. रिझर्व्हेशन नाही, नोंदणी नाही, वर्गणी नाही. तरीही शहरातला सगळ्यात मोठा आधारगट हाच असावा. इथे भाजी निवडली जाते, भिशी लागते, हळदीकुंकू होतं, डोहाळजेवणसुद्धा होतं. कुणाच्या डोळ्याखाली काळं-निळं दिसलं तर समोरच्या सीटवरची आधी काही विचारत नाही, डबा पुढे करते. दोन दिवसांनी विचारते. नवीन नोकरी, सासूचं आजारपण, मुलीची दहावी, वकिलाचा नंबर... तासाभराच्या प्रवासात सगळं हातोहात पोहोचतं.

पण गाडीची सभा चर्चगेटला बरखास्त होते. शिवाय या डब्यात सगळं बोलता येतं असंही नाही. ‘अगं, लग्नाचं काय?’ या प्रश्नावर ‘मला मुलगी आवडते’ हे उत्तर द्यायला आजही छाती लागते. तेव्हा गाडी चांगलीच आहे, पण गाडीवर भागत नाही. उतरावं लागतं.

गोरेगाव : हंडे, लाटणी आणि एक थिएटर

गोरेगावात मृणालताई गोरे उड्डाणपूल आहे. त्यावरून रोज गाड्या पळवणाऱ्या किती जणांना ‘पाणीवाली बाई’ माहीत आहे? उपनगरातल्या वस्त्यांना नळाचं पाणी मिळावं म्हणून मृणालताईंनी पालिकेला इतकं सळो की पळो केलं, की लोकांनी तेच नाव दिलं. १९७२ साली महागाईविरोधी संयुक्त समितीच्या झेंड्याखाली अहिल्याताई रांगणेकर आणि मृणालताईंनी बायकांना रस्त्यावर आणलं. हातात काय, तर लाटणं! स्वयंपाकघरातली वस्तू घेऊन बाई मंत्रालयावर चालून जाऊ शकते, हे मुंबईने तेव्हा पाहिलं.

पुढे गोरेगावातच अडचणीतल्या स्त्रियांसाठी ‘स्वाधार’ सुरू झालं. मोर्चा संपल्यावर बाई घरी जाते आणि घरी पुन्हा तेच असतं, हे ज्यांनी जवळून पाहिलं होतं त्यांनाच अशा जागेची गरज कळणार. ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या महिला संघटनांनी आणि डॉक्टरांनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध मोहीम उघडली, विधानसभेत मृणालताईंनी आवाज लावला आणि १९८८ साली महाराष्ट्राने त्याविरुद्ध कायदा केला. देशातला या विषयावरचा तो पहिला कायदा.

याच गोरेगावची दुसरी आठवण कमी अभिमानाची आहे. २ डिसेंबर १९९८ रोजी इथल्या सिनेमॅक्स थिएटरमध्ये ‘फायर’ या सिनेमाच्या खेळाच्या वेळी तोडफोड झाली. दोन जावांमधल्या प्रेमाची गोष्ट पडद्यावर नको, म्हणून काचा फुटल्या. त्या दिवशी तिकीट काढून एकटीच आत बसलेली एखादी मुलगी असेल, तर तिला काय वाटलं असेल? हे थिएटर लक्षात ठेवा, शेवटाकडे पुन्हा एका थिएटरला जायचंय.

वाकोला : पालिकेची खोली

सांताक्रूझला पूर्वेला उतरा आणि वाकोल्याची रिक्षा सांगा. गजबजलेला रस्ता, दुकानं, डोक्यावरून विमानं. इथे पालिकेच्या एका इमारतीत ‘हमसफर ट्रस्ट’ला जागा मिळाली आणि शहरातल्या समलिंगी पुरुषांना पहिल्यांदा एक पत्ता मिळाला.

त्याआधी पत्ते नव्हते, फक्त खुणा होत्या. स्टेशनांचे कोपरे, बागांची बाकं आणि सतत पोलिसाची नाहीतर ब्लॅकमेल करणाऱ्याची धास्ती. पत्रकार अशोक राव कवी यांनी १९८६ साली ‘सॅव्ही’ मासिकाच्या मुलाखतीत ‘मी समलिंगी आहे’ असं स्वतःच्या नावानिशी सांगितलं. १९९० साली त्यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केलं आणि १९९४ साली मित्रांबरोबर हमसफर. ‘बॉम्बे दोस्त’ २००२ साली बंद पडलं आणि २००९ मध्ये पुन्हा निघालं. पहिल्या अंकांच्या काळात ते घरी घेऊन जाणं म्हणजे दिव्य होतं. कपाटात कुठे लपवायचं, हा फंडा प्रत्येकाचा वेगळा!

आता यातली गंमत बघा. गंमत कसली, विसंगतीच. तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ जिवंत होतं. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात जो गुन्हा, त्याच माणसांच्या आरोग्यासाठी आणि समुपदेशनासाठी पालिका जागा देत होती. त्याला निमित्त एचआयव्हीचं होतं. लपून राहणाऱ्या माणसांपर्यंत औषध पोहोचवायचं तर आधी त्यांना निर्धास्तपणे येता येईल असं दार हवं, हे आरोग्य खात्याला कायद्याच्या आधी समजलं. आजार टाळायला म्हणून उघडलेल्या दारातून माणसं मग गप्पा मारायला, रडायला, नाचायला, नोकरीचा अर्ज भरून घ्यायलाही यायला लागली.

अशा जागी पहिल्यांदा जाणाऱ्याची एक खास चाल असते. दारावरून एकदा पुढे जायचं. पानाच्या टपरीशी थांबायचं. परत फिरायचं. कुणी ओळखीचं नाही ना, बघायचं. मग एकदम आत. या दहा मिनिटांच्या येरझाऱ्या ज्याने घातल्या आहेत, त्याला पत्त्याची किंमत समजवावी लागत नाही.

कायद्याचा प्रवास तर तुम्हाला ठाऊक आहेच. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञानांमधल्या संमतीच्या संबंधांना ३७७ मधून वगळलं. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने पुन्हा मुक्तता दिली. चार वर्षं निर्दोष, पाच वर्षं पुन्हा गुन्हेगार, मग पुन्हा निर्दोष. माणूस तोच, त्याचं घर तेच, जोडीदारही तोच! त्या सगळ्या वर्षांत एक गोष्ट बदलली नाही. संध्याकाळी दिवे लागायचे त्या खोल्या चालू राहिल्या.

रविवार कुणाचा?

१९९८ साली ‘गे बॉम्बे’ हा गट सुरू झाला. ऑफिसला जाणाऱ्या, आपल्यासारख्याच वीकएण्डची वाट बघणाऱ्या मुलांचा. रविवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये जमायचं, एखादा विषय घ्यायचा. ‘लग्नाचा तगादा कसा टाळायचा’, ‘बहिणीला सांगू का’ वगैरे. शनिवारची रात्र कुलाब्याच्या ‘व्हूडू’ पबमध्ये. आरसे, घाम, मोठ्याने लावलेली गाणी आणि ‘इथे मी एकटा नाही’ हा साक्षात्कार.

आता हाच रविवार एका मुलीच्या बाजूने बघा. ‘मित्राकडे जातोय’ एवढं सांगून मुलगा चप्पल घालतो. मुलीला मात्र ‘कुठे, कुणाबरोबर, परत किती वाजता आणि जाताना कोथिंबीर आणशील का’ एवढी सगळी प्रश्नपत्रिका सोडवावी लागते. समलिंगी स्त्रियांचा गट वेगळा का हवा, याचं उत्तर या प्रश्नपत्रिकेत आहे. १९९५ साली मुंबईत ‘स्त्री संगम’ सुरू झाला, तोच पुढे ‘लेबिया’ झाला. या मुलींना पोलिसाइतकीच भीती घरच्यांची होती. घरून पळालेल्या दोन मैत्रिणींना शोधत आई-वडील थेट चौकीत जातात, अपहरणाची तक्रार होते आणि सज्ञान मुलीला तिच्या मर्जीविरुद्ध ‘घरी’ आणलं जातं. अशा वेळी वकील आणि रात्रीपुरती जागा हे दोन्ही लागतं, आणि तेही ताबडतोब. म्हणून हा गट पहिल्यापासून महिला चळवळीच्या हातात हात घालून चालला. दोघींचा मुद्दा एकच होता. घर म्हटलं की ते सुरक्षितच, असं धरून चालू नका.

मराठीत या सगळ्याबद्दल वाचायचं तर पुण्याकडे बघावं लागतं. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली तिथे ‘समपथिक ट्रस्ट’ सुरू केला आणि ‘पार्टनर’सारखी पुस्तकं साध्या मराठीत लिहिली. ‘गे’ या शब्दापुढे अडखळणाऱ्या आईच्या हातात ठेवता येईल असं काहीतरी हवं होतं, ते त्यांनी दिलं. भाषाही एक खोलीच असते. ती आपल्या घरच्या शब्दांत मिळाली की बसायला जागा होते.

वांद्रे : ‘बाथरूममध्ये पाय घसरला’

वांद्र्याला आपण जातो ते लिंकिंग रोडच्या चपलांसाठी नाहीतर कॉफीसाठी. त्याच वांद्रे पश्चिमेला पालिकेचं के. बी. भाभा हॉस्पिटल आहे. केस पेपरची रांग, डेटॉलचा वास, बाकांवर ताटकळलेली माणसं. इथे २००० साली पालिका आणि ‘सेहत’ या संशोधन संस्थेने मिळून ‘दिलासा’ सुरू केलं. हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांसाठी सरकारी हॉस्पिटलातच चालणारं देशातलं हे पहिलं केंद्र.

हॉस्पिटलच का? अगदी साधा हिशोब आहे. मार खाल्लेली बाई पोलिसांत जात नाही, संस्थेत जात नाही, पण टाके घालायला दवाखान्यात यावंच लागतं. शिवाय ‘दवाखान्यात जाऊन येते’ हे घरातून बाहेर पडण्याचं असं एक कारण आहे, ज्याला सासूही आडवं येत नाही. ती डॉक्टरांना सांगते, बाथरूममध्ये पाय घसरला. चुकून फिनाइल प्यायलं गेलं. जिन्यावरून पडले. वर्षानुवर्षं डॉक्टर तेवढंच लिहून घेत आणि गोळ्या देत. ‘दिलासा’ने नर्सेसना आणि डॉक्टरांना पुढचा प्रश्न विचारायला शिकवलं. नवऱ्याला बाहेर थांबवून, हळू आवाजात. ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ आणि उत्तर ‘नाही’ आलं तर पाठवायला त्याच इमारतीत एक खोली. तिथे समुपदेशक, कायद्याची माहिती आणि घाई न करणारं माणूस.

हा प्रयोग पुढे कुर्ल्याच्या भाभा हॉस्पिटलात गेला, मग पालिकेच्या आणखी हॉस्पिटलांत. केरळ, मेघालय, हरियाणा इथल्या सरकारी हॉस्पिटलांनीही तशी केंद्रं काढली. वांद्र्याने जगाला फॅशन दिली म्हणतात. ही त्यातली सगळ्यात टिकाऊ!

दादर : सिग्नलवरची बाई

दादरला उतरून शिवाजी पार्ककडे चालायला लागलात की रस्ता ओलांडताना जरा वर बघा. सिग्नलमधल्या चालणाऱ्या माणसाने फ्रॉक घातलाय! २०२० साली पालिकेने दादर-माहीम पट्ट्यात पादचारी सिग्नलवर बाईची आकृती लावली. देशातला असा पहिलाच प्रयोग म्हणून त्याचं कौतुक झालं, आणि ‘यातून काय होणार’ म्हणून नाकंही मुरडली गेली. होणार काय? रस्त्यावर बाईनेही चालायचं असतं, एवढं दिवसातून दोन-चारशे वेळा लोकांच्या डोळ्यांवर पडणार.

दादरला ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ आहे. गोवा मुक्तिसंग्रामात लढलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली ते उभं केलं. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात पिचलेल्या होत्या. प्रेमाताईंनी त्यांना गटागटाने राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेलं. एकीला दुसरी जामीन. आज ‘मायक्रोफायनान्स’ म्हणून एमबीएच्या वर्गात जे शिकवतात, ते गिरणगावात पोळीभाजीच्या हिशोबावर चाललेलं होतं. मार खाणाऱ्या बाईला ‘निघून ये’ सांगणं सोपं असतं. निघून आल्यावर ती खाणार काय, हे ‘अन्नपूर्णा’ने आधी बघितलं.

‘अक्षरा’ हे १९९५ साली सुरू झालेलं महिलांचं संदर्भ केंद्रही याच भागातलं. पुस्तकांपासून सुरुवात झाली आणि काम कॉलेजच्या मुलामुलींपर्यंत पोहोचलं. मुलींना ‘सांभाळून राहा’ सांगण्याऐवजी मुलांशीच बोलू, हा त्यांचा मार्ग.

परळ : वॉर्ड नंबर चार

दादरहून एक स्टेशन पुढे परळ. केईएम हॉस्पिटल. इथे कुठली पाटी शोधू नका, नाही सापडणार.

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी याच हॉस्पिटलात काम करणाऱ्या अरुणा शानबाग या तरुण नर्सवर एका वॉर्डबॉयने हल्ला केला. त्यानंतर ती कधीच शुद्धीवर आली नाही. १८ मे २०१५ रोजी तिचा मृत्यू झाला. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं ती वॉर्ड नंबर चारमध्ये होती आणि तिला भरवणं, पुसणं, कूस बदलणं हे सगळं केलं ते तिथल्या नर्सेसनी. ऐंशीच्या दशकात तिची खाट रिकामी करून तिला हलवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा नर्सेस उभ्या राहिल्या. नाही म्हणाल्या. तिला दयामरण द्यावं की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तिच्या सेवेचा निर्णय केईएमच्या याच सहकाऱ्यांवर सोपवला. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकही शय्याव्रण नाही, याची नोंद न्यायालयातही झाली.

तिला ओळखतही नसलेल्या, ती घटना घडली तेव्हा जन्मालाही न आलेल्या मुली नोकरीला लागल्या आणि ड्यूटीच्या यादीत अरुणाताईंचं नाव त्यांच्याकडे आलं. संस्था नाही, अनुदान नाही, अहवाल नाही. एक खाट होती आणि ती सोडायची नाही, असं ठरलेलं होतं.

क्रॉफर्ड मार्केट : आयुक्तालयातलं टेबल

क्रॉफर्ड मार्केटला आपण जातो ते आंब्यांसाठी नाहीतर बर्थडेच्या सजावटीसाठी. समोरच मुंबई पोलिस आयुक्तालय. इथल्या एका टेबलाची गोष्ट बारा वर्षं आधी आणि शेकडो किलोमीटर दूर सुरू होते.

मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलिस स्टेशन. ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात एका आदिवासी मुलीवर चौकीतच पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं, कारण तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मुंबईत १९८० च्या सुमारास ‘फोरम अगेन्स्ट रेप’ उभा राहिला. त्याच्या सभांना बायका बलात्कारावर बोलायला यायच्या आणि घरातल्या मारहाणीवर बोलू लागायच्या. फोरमने मग नाव बदललं, ‘फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन’. १९८३ मध्ये कायदा बदलला.

आणि १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिस आयुक्तालयातच स्त्रिया आणि मुलांसाठी ‘स्पेशल सेल’ सुरू केला. टेबलामागे वर्दीतला हवालदार नाही, प्रशिक्षित समाजसेविका. पण इमारत पोलिसांची, त्यामुळे तिथून बोलावणं गेलं की नवरा मुकाट्याने येतो! ज्या चौकीत मुलीचं कुणी ऐकलं नाही, त्याच खात्याच्या मुख्यालयात ऐकून घेणारी खुर्ची ठेवायची, ही कल्पना साधी वाटते. मुंबईपासून सुरू झालेले हे सेल आज महाराष्ट्रभर आहेत आणि राज्य सरकार ते चालवतं.

लिबर्टी ते ऑगस्ट क्रांती

तिथून मेट्रो सिनेमापर्यंत चालत या. जवळच लिबर्टी. आर्ट डेको थाटाचं, जिन्यावरून उतरताना आपोआप मान ताठ होईल असं थिएटर. २०१० मध्ये श्रीधर रंगायन यांनी सुरू केलेला ‘कशिश’ हा चित्रपट महोत्सव इथे अनेक वर्षं भरला. त्याआधी तो वर्सोव्याच्या सिनेमॅक्समध्येही झाला होता. गोरेगावचं सिनेमॅक्स आठवतंय ना? एका सिनेमासाठी काचा फुटल्या त्या शहरात, पंधराएक वर्षांत, अशा सिनेमांसाठी जिन्यापर्यंत रांग लागली. गोरेगावात एकटी बसलेली ती मुलगी आता चाळिशी-पन्नाशीची असेल. या रांगेत ती नक्की असणार.

शेवटचा स्टॉप ऑगस्ट क्रांती मैदान, म्हणजे जुनं गवालिया टँक. ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’चा ठराव इथे झाला आणि दुसऱ्या दिवशी नेते तुरुंगात असताना अरुणा असफ अली यांनी इथे तिरंगा फडकवला. १६ ऑगस्ट २००८ रोजी याच मैदानातून मुंबईची पहिली क्वीअर आझादी मिरवणूक निघाली. स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी. बरेच जण मुखवटे घालून आले होते, कारण सोमवारी ऑफिस होतं. वर्षं सरली तसे मुखवटे कमी झाले आणि आई-बाबा वाढले. मे २०१५ मध्ये हरीश अय्यर यांच्या आईने, पद्मा अय्यर यांनी, मुलासाठी नवरा हवा अशी जाहिरात दिली. काही दैनिकांनी ती घेतली नाही, ‘मिड-डे’ने छापली. जातीची अट नाही, पण अय्यर असल्यास उत्तम! २०१७ मध्ये पालकांचा ‘स्वीकार’ गट झाला. त्यांच्यातल्या चारशेहून अधिक पालकांनी २०२३ मध्ये मुलांच्या लग्नाच्या हक्कासाठी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात तो हक्क मिळाला नाही.

मैदानही कायमचं मिळालेलं नाही. २०२० मध्ये इथून मिरवणुकीला परवानगी नाकारली गेली आणि लोक आझाद मैदानात एकाच जागी उभे राहिले. जूनमध्ये कंपन्यांचे लोगो सप्तरंगी होतात, तेव्हा मुंबईत आपण छत्र्या शोधत असतो. इथली मिरवणूक आता थंडीत निघते, परवानगीचा कागद हातात आला तर. कायदा बदलला तरी फ्लॅटचा ब्रोकर ‘फॅमिली आहे का?’ विचारायचा थांबलेला नाही, एकट्या बाईलाही आणि दोन मुलांनाही. म्हणून त्या खोल्या अजून लागतात. एका निकालाने किंवा एका जीआरने त्या बंद करता येतील, अशी वेळ अजून आलेली नाही. खोली म्हटलं की भाडं आलं, वीजबिल आलं, संध्याकाळी कुलूप उघडणारं माणूस आलं.

निघण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवा

या जागा टुरिस्ट स्पॉट नाहीत. उगाच डोकावायला जाऊ नका, फोटो तर मुळीच काढू नका. तिथे कुणी ओळखीचं दिसलं तर ते तिथेच विसरा, लिफ्टमध्ये हसून सुचवूही नका. ज्याचं त्याने सांगायचं असतं.

मदत करायचीय? आधी फोन करून विचारा, काय हवंय. बऱ्याचदा उत्तर ‘अकाउंट्स बघणारं कुणी आहे का’ असं अगदी साधं असतं. सीए, वकील, डिझायनर, कॉम्प्युटरवाले, तुमचा महिन्यातला एक शनिवार पुरतो.

आणि कुणी मैत्रीण बाथरूममध्ये फार वेळा घसरत असेल, तर विचारा. रात्री-अपरात्री गरज पडली तर महिलांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२. बाकी दिवसा पत्ता सांगा आणि जमलं तर सोबत जा. दारापाशी त्या येरझाऱ्या घालताना कुणी बरोबर असलं की दहा मिनिटांची दोन होतात.